कठड्यावरची ठकठक

४ जानेवारी, सोमवार

साहेबांनी आज नवं घोंगडं माझ्या गळ्यात अडकवलं. साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख. नकोसं काम द्यायचं असलं की ते आधी चहा मागवतात, त्यामुळे कप दिसताच मी सावध झाले होते. उपयोग शून्य.

झालं असं, की इंटर्न मुलांनी वर तक्रार केली आहे. आमचे रेसिडेंट डॉक्टर त्यांना शिकवत नाहीत आणि शिकवतात तेव्हा नुसती खरडपट्टी काढतात, असं म्हणणं. आता यात नवल काय? आम्ही प्राध्यापक मंडळी सकाळी राउंड घेतो आणि आपापल्या वाटेने जातो. उरलेला अख्खा दिवस वॉर्डात इंटर्नच्या डोक्यावर रेसिडेंटच असतात. वयाने त्यांच्याहून चार वर्षं मोठे, स्वतः अर्धवट झोपलेले, अर्धवट जेवलेले. सुई कुठे टोचायची ते त्यांना येतं. ते दुसऱ्याला कसं समजवायचं, हे मात्र त्यांना कोणी कधी सांगितलेलं नाही.

"म्हणून रेसिडेंटना शिकवायला शिकवा," साहेब म्हणाले. "तुमच्याइतकं चांगलं कोण शिकवतं इथे?"

लोणी लावत होते हे कळत होतं. पण खोटं बोलत नव्हते.

सुरुवातीला आमच्या युनिटचे तिघं. त्यांनी रुग्णाच्या पलंगाशी उभं राहून इंटर्नना शिकवायचं, मी मागे बसून बघायचं, आणि स्टँडवर लावलेल्या फोनवर सगळं चित्रित करायचं. शेवटी मी प्रत्येकाचा अहवाल द्यायचा. आणि खरी मेख तिथेच आहे. मार्चमध्ये युनिटमध्ये शिकवणाऱ्या डॉक्टरची एक जागा भरायची आहे आणि ती या तिघांपैकी एकाला मिळेल. माझा अहवाल बघून.

तिघांची खरी नावं इथे लिहीत नाही. आमच्या घरात वह्यांना पाय फुटतात. पहिली तोफ. तिसऱ्या वर्षाची मुलगी, युनिटमधली सगळ्यात हुशार. छातीचा एक्स-रे दारातून बघून सांगते. पहिल्या वर्षापासून माझ्या हाताखाली आहे. दुसरा रेडिओ, सुरू झाला की बंद करायचं बटण सापडत नाही. तिसरा गोगलगाय. हा गेल्या वर्षी दुसऱ्या हॉस्पिटलातून आमच्याकडे आला. चालणं, बोलणं, सही करणं, सगळं एकाच गतीने.

जागा तोफेचीच. ते सांगायला अहवाल कशाला हवा?

८ जानेवारी, शुक्रवार

पहिला वर्ग घेतला. विषय, प्रश्न कसा विचारावा. मी त्यांना नीट फोड करून सांगितलं की भाषण देऊ नका, प्रश्न विचारा. विचारल्यावर थांबा. समोरच्याला विचार करायला वेळ द्या. चुकला तर चारचौघांत पाणउतारा करू नका. हे सगळं समजवेपर्यंत तास संपला. मध्ये रेडिओने हात वर केला होता, पण त्याला बोलू दिलं असतं तर अर्धा विषय राहिला असता.

शेवटी विचारलं, "काही शंका?" कोणालाच नव्हती. निघताना बरं वाटलं. नीट सांगितलं की समजतं.

गोगलगाय मात्र सगळा वेळ माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही ऐकतोय की डोळे उघडे ठेवून झोपलाय.

१० जानेवारी, रविवार

लेकीला गाडी शिकवायला घेऊन गेले. बारावीची परीक्षा झाली की तिला लायसन्स हवं आहे, आणि क्लासवाल्यांकडे कशाला पाठवायचं, घरात आई आहे ना.

नाक्यापर्यंत ठीक होतं. मग समोरून ट्रक आला आणि बाईसाहेब स्टिअरिंग धरून नुसत्या बसल्या. मी म्हटलं, "आता काय करायचं? बोल, बोल! ट्रक तुझ्यासाठी थांबणार आहे का?" तिने गिअर टाकायच्या जागी वायपर सुरू केले. ऊन पडलेलं, आणि काचेवर वायपर फिरतायत. मी हातातलं पेन डॅशबोर्डवर वाजवलं, म्हणजे लक्ष जागेवर यावं. तिने गाडी कडेला लावली, उतरली आणि चालत घरी गेली.

मी गाडी घेऊन आले तेव्हा हे पेपर वाचत होते. म्हणाले, "लवकर आलात."

तिला विचारलं, काय झालं? "काही नाही." रागावलीस? "काही नाही." बोलायलाच नको, इतकं कसलं ते!

१४ जानेवारी, गुरुवार

रेडिओचा पहिला वर्ग. रुग्णाला कावीळ. रेडिओने यकृतापासून सुरुवात केली आणि यकृताच्या इतिहासात शिरला. रुग्णाने मध्येच विचारलं, "डॉक्टर, मी पाणी पिऊ का?" रेडिओ म्हणाला, "त्याकडे येतोच मी." शेवटी सिस्टरने त्यांना पाणी दिलं.

मी त्याला तिथेच थांबवलं आणि कसं शिकवायचं ते करून दाखवलं. त्यात उरलेला वेळ गेला. पण करून दाखवल्याशिवाय कळणार कसं?

१९ जानेवारी, मंगळवार

सकाळचा राउंड. आज तीन इंटर्न उशिरा आले, एक तर जांभई देत होता. मी पलंगाच्या कठड्यावर पेन वाजवलं आणि सगळे ताठ. इतक्या वर्षांत या एका आवाजाने जे काम केलंय ते कुठल्या पुस्तकाने केलं नसेल. एका पोराने मला परवा फोनवर 'रुग्णाला बरं वाटत नाहीये' असं सांगितलं होतं. त्याला आज पुन्हा सुनावलं. अर्धवट माहिती घेऊन मला फोन करायचा नाही, हा माझा नियम आहे. नाडी, रक्तदाब, सकाळपासून काय दिलं, तुम्हाला काय वाटतं आणि का वाटतं, सगळं जिभेवर हवं. आमच्या युनिटची मुलं पुढे कुठेही गेली तरी यासाठी ओळखली जातात.

दुपारी तोफेचा पहिला वर्ग होता, आणि अपेक्षाभंग म्हणतात तो झाला.

खिडकीजवळच्या पलंगावर एक आजोबा आहेत, निवृत्त पोस्टमन. न्यूमोनिया झालाय आणि हृदयही कमजोर. तोफेने इंटर्नमधल्या एका बारक्या मुलीला पुढे केलं. आवाज इतका लहान की मी मनात तिला चिमणीच म्हणते. तोफेने विचारलं, "श्वास का लागतोय? कारणं सांग." चिमणीने तोंड उघडलं. तोफ लगेच, "बोल, बोल! आजार तुझ्यासाठी थांबणार आहे का?" चिमणी म्हणाली, "फुप्फुसात... म्हणजे हृदयामुळे पण..." तोफ म्हणाली, "म्हणजे काय? हे दुसऱ्या वर्षाला शिकवतात. तेव्हा कुठे होतीस?" बाकीचे हसले. आणि सगळा वेळ हातातलं पेन कठड्यावर ठकठक, ठकठक. आजोबा बिचारे दर ठोक्याला डोळे मिटत होते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर्ग संपल्यावर बाजूला घेऊन तिला म्हटलं, "हे काय चाललं होतं? तुला प्रश्न विचारायला सांगितला होता, उलटतपासणी करायला नाही. आणि ती ठकठक! काय ते वाईट वळण? मी पहिल्या वर्गात काय सांगितलं होतं? बोल ना, आता का गप्प?"

इतकी हुशार मुलगी आणि साधी गोष्ट समजेना. कुठून उचलतात ही मुलं असल्या सवयी कोण जाणे.

२६ जानेवारी, मंगळवार

आज गोगलगायीचा वर्ग. मी हात टेकले.

तेच आजोबा, तीच चिमणी. त्याने एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि तिला विचारलं, "काय दिसतंय?" आणि गप्प. चिमणी गप्प, हा गप्प, आजोबा गप्प. बाहेर कोणीतरी स्ट्रेचर ढकलत गेलं त्याचा आवाज संपला तरी हे दोघं गप्पच. मला वाटलं विसरला काय विचारलं ते. माझे पाय शिवशिवायला लागले. शेवटी मीच खुर्चीतून म्हटलं, "डाव्या बाजूला खाली पाणी आहे, दिसत नाही का?"

गोगलगायीने एक्स-रे खाली घेतला. "मॅडम," तो म्हणाला, "ती सांगणारच होती."

"कधी? पुढच्या महिन्यात?"

आजोबा हसले आणि त्यांना ठसका लागला.

माझ्या मते हा मुलगा शिकवायला पूर्ण अयोग्य. त्याच्यामागे वॉर्डात चार-पाच इंटर्न नेहमी लटकत असतात, ते त्याच्याकडे काम कमी असतं म्हणून असणार.

३१ जानेवारी, रविवार

घरात माझ्या पाठीमागे कट शिजतो आहे. लेक रोज संध्याकाळी मामाकडे अभ्यासाला जाते, असं मला सांगण्यात आलं होतं. आज भाजी घेऊन येताना नाक्यावर आमची गाडी दिसली. लेक चालवत होती. शेजारी दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, सीट मागे टाकून, डोळे मिटून! ती वळली, थांबली, रस्ता ओलांडणाऱ्या बाईला जाऊ दिलं, पुन्हा निघाली. सुरेख वळली, खोटं कशाला बोलू.

दादाला फोन केला. "अरे, तू झोपतोस काय गाडीत? काही झालं असतं तर?"

"झोपलो नव्हतो गं. उघड्या डोळ्यांनी बसलं की बोललं जातं माझ्याकडून."

"मग बोलायचं!"

"तू बोलून बघितलंस ना?" तो म्हणाला. माझाच भाऊ! मी फोन ठेवला.

ह्यांना सगळं ठाऊक होतं. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाले, "सांगणार होतो, पण तुम्ही विषय बदललात." मी कुठे विषय बदलते?

९ फेब्रुवारी, मंगळवार

वर्ग चालू आहेत. प्रगती म्हणावी तर रेडिओ आता रुग्णाला आधी पाणी विचारतो. तोफेला मी प्रत्येक वर्गानंतर सुनावते आहे आणि ती दर वेळी पहिल्याहून कडक होते आहे. आज तर चिमणीला म्हणाली, "अर्धवट माहिती घेऊन माझ्याकडे यायचं नाही." हे वाक्य तेवढं बरोबर होतं.

माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. साहेबांना सांगितलं की शिकवणं अंगात असावं लागतं, ते बाहेरून घालता येत नाही. साहेबांनी चहा मागवला.

१७ फेब्रुवारी, बुधवार



दुपारी वॉर्डात चिमणी एकटी होती. तोफ खाली तातडीच्या विभागात. खिडकीजवळच्या आजोबांना सलाइन चालू होतं आणि त्यांचा श्वास वाढायला लागला. चिमणीने छाती तपासली. फुप्फुसांत बुडबुड ऐकू आली, म्हणजे आत पाणी साचत होतं. अशा वेळी काय करायचं हे कोणालाही कळतं. सलाइन बंद करायचं आणि वरच्या डॉक्टरला फोन करायचा. फोन तिच्या खिशात होता.

तिने फोन केला नाही. सलाइनही बंद केलं नाही. ती शेजारच्या खोलीत गेली.

फेरीवर आलेल्या सिस्टरला आजोबा निळे पडलेले दिसले. तिने सलाइन तोडलं, आरडाओरडा केला, तोफ जिने चढून धावत आली. तिने मात्र कमाल केली. हात झरझर चालले, एकही शब्द वाया घालवला नाही. आजोबा आयसीयूत आहेत, नळी घातलेली आहे. वाचतील की नाही, आज कोणी सांगू शकत नाही. त्यांची बायको बाहेर बाकावर त्यांचा चष्मा हातात धरून बसली आहे.

मी चिमणीला खोलीत बोलावलं. फोन का नाही केलास? तुला ऐकू आलं होतं ना? मग सलाइन का नाही थांबवलं? शेजारच्या खोलीत काय करत होतीस? बोल! माणूस मरतोय आणि तू गायब? ती फक्त म्हणत राहिली, "सॉरी मॅडम, सॉरी मॅडम." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दहा प्रश्न विचारले आणि एकाचंही उत्तर नाही.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

उत्तर मिळालं, पण मला नाही. गोगलगायीला.

त्याने तिला काल संध्याकाळी जिन्यात बसलेलं बघितलं. शेजारी जाऊन बसला. मी म्हटलं, तिला काय विचारलंस? म्हणाला, "एकदाच विचारलं, काय झालं. मग बसलो."

ती खोलीत पुस्तक वाचत होती. माणूस गुदमरत असताना पुस्तक! कारण तोफेला फोन करायचा तर तोफ विचारणार, का वाटतं तुला असं, कारणं सांग, दुसरं काय असू शकतं. अर्धवट माहितीवर फोन करायचा नाही. म्हणून ती आधी उत्तरं पाठ करत होती. तिला रोग बरोबर कळला होता. सलाइन बंद करावं असंही वाटलं होतं, पण कोणी 'का' विचारलं तर सांगता आलं नसतं, म्हणून तिने त्याला हात लावला नाही. म्हणे दुसरी दोन कारणं पाठ झाली होती, तिसरं शोधत होती.

मग तोफेला बोलावलं.

"मुलीला इतकी भीती घालून ठेवलीस की ती फोनसुद्धा करू शकली नाही. आजोबांना काही झालं तर जबाबदार कोण? असं शिकवायला तुला शिकवलं तरी कोणी?"

तिने मान वर केली. "मॅडम, असंच तर..." म्हणाली आणि थांबली. डोळे भरले होते. मी म्हटलं, "काय असंच? सबबी नको आहेत मला. जा." ती गेली.

वाईट मला वाटत नाही असं नाही. या मुलीला पहिल्या वर्षापासून हाताखाली घेतलं. तिला दुसऱ्या, आरामाच्या विषयात जागा मिळत होती, ती सोडून आमच्या युनिटला आली होती. माझ्या राउंडला सगळ्यात पुढे उभी राहायची, तिला प्रश्न टाकला की माझा प्रश्न संपायच्या आत उत्तर. पण आता तिच्या हाती मुलं सोपवणं शक्य नाही. सोमवारी अहवाल द्यायचा आहे. तिच्या नावापुढे 'शिकवण्याच्या कामास अयोग्य' लिहिणार. जागा गोगलगायीला द्यावी लागेल की काय! कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

चिमणी आज आली नाही. ऐकलं की ती इंटर्नशिप सोडायचं म्हणतेय.

२१ फेब्रुवारी, रविवार

आजोबांची नळी निघाली. स्वतः श्वास घेतायत. जीव भांड्यात पडला. सिस्टर म्हणाली, शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा चष्मा मागितला.

आता जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर अहवाल लिहायला बसले. तोफेवर काही लिहायचं तर पुरावा हवा, म्हणून तिच्या १९ जानेवारीच्या वर्गाचं चित्रण फोनवर लावलं. कानात लावायचं ते सापडेना, म्हणून आवाज मोठाच ठेवला. मी वाक्यं टिपून घेत होते. 'हे दुसऱ्या वर्षाला शिकवतात, तेव्हा कुठे होतीस?' टिपलं. ठकठक, टिपली. 'बोल, बोल! आजार तुझ्यासाठी थांबणार आहे का?' तेही टिपलं.

आतल्या खोलीतून लेक ओरडली, "आई, आले ना! आता काय केलं मी?"

मी काही बोलले नाही. फोन बोलत राहिला. "म्हणजे काय? नीट सांग!" ठकठक, ठकठक.

दार आपटून ती बाहेर आली, तोंड रडवेलं करून. "आले म्हटलं ना, किती ओर..." आणि मध्येच थांबली. तिने माझ्याकडे बघितलं. माझं तोंड मिटलेलं. मग टेबलावरच्या फोनकडे बघितलं. तिथे पांढऱ्या कोटातली एक वेगळीच मुलगी बोलत होती.

"ही तू नाहीस?" ती म्हणाली.

हे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, हातात फडकं. तेही मला बोलवायलाच आले होते, की बाई, इतकं काय चिडताय. ते फोनकडे बघून परत आत गेले.

लेकीला हसू आलं. "अगं, सेम! ते पेनसुद्धा! कोण आहे ही?"

मी म्हटलं, माझी विद्यार्थिनी.

मग चित्रण पुन्हा पहिल्यापासून लावलं, या वेळी चित्राकडे न बघता. भिंतीकडे बघत ऐकलं. तोफेचा आवाज माझ्यासारखा नाहीच, तिचा किंचित घोगरा आहे. पण कुठे थांबायचं, म्हणजे कुठेच थांबायचं नाही, 'बोल' वर कसा जोर द्यायचा, 'तेव्हा कुठे होतीस' मध्ये 'तेव्हा' कसं लांबवायचं, सगळं माझं. मी तिला हे कधी शिकवलं नाही. तीन वर्षं रोज सकाळी फक्त केलं, आणि ती सगळ्यात पुढे उभी होती.

अहवाल फाडला. मग वाटलं, फाडून काय होणार? नवीन घेतला, पण लिहिता आलं नाही. स्वतःचाच इतका राग आला की जेवणावर वासना उरली नाही. लेकीने ताट वाढून दिलं. मी तिला म्हटलं, तू गाडी सुरेख वळवतेस. तिने संशयाने बघितलं.

२२ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांकडे गेले. या वेळी चहा मी मागवला. म्हटलं, अहवाल मी देणार नाही, ज्याने शिकवलं त्यानेच निकाल द्यायचा हे बरोबर नाही. जागेचं काय ते चित्रणं बघून तुम्ही ठरवा, आणि त्या चित्रणांत माझा राउंडही घ्या. पुढच्या सोमवारी मी राउंड घेईन, तिघं मागे बसतील आणि जे मी त्यांचं केलं ते माझं करतील. साहेब कपात बघत म्हणाले, "सगळ्यांसमोर? बघा बुवा." म्हटलं, बघितलंय.

चिमणीच्या खोलीवर गोगलगाय आणि मी गेलो. मी फक्त एवढंच म्हटलं की तुझं निदान बरोबर होतं. पुढे बरंच बोलायचं होतं. गोगलगायीने माझ्याकडे बघितलं म्हणून तोंड मिटलं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आजोबा कसे आहेत?" उद्या बघायला येणार आहे. पुढचं माहीत नाही.

तोफ मात्र मला टाळत होती. दोनदा निरोप पाठवला, 'कामात आहे'.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

तोफ वॉर्डामागच्या एक्स-रे बघायच्या खोलीत सापडली. एकटीच. मला बघून उभी राहिली, पाठ ताठ, माझ्या राउंडला राहते तशी. मी पेन तिथल्या टेबलाच्या खणात टाकलं. हाताची खात्री नव्हती.

म्हटलं, "त्या दिवशी मी तुला विचारलं, असं शिकवायला कोणी शिकवलं. तू काहीतरी म्हणत होतीस. मी म्हणू दिलं नाही. काय म्हणणार होतीस?"

ती गप्प.

मला उत्तर ठाऊक होतं. परवा रात्रीपासून ठाऊक होतं. जिभेवर तयार होतं, नुसतं बोलून टाकलं असतं की प्रश्न मिटला असता, तिची सुटका झाली असती आणि माझीही. ती पायाकडे बघत होती. मशीनचा पंखा घुमत होता. दारात कोणीतरी डोकावलं आणि गेलं. जीव असा तळमळत होता की वाटलं, गोगलगाय रोज हे कसं करतो? दातांखाली जीभ धरून बसले.

मला वाटलं होतं ती म्हणेल, तुम्हीच. ते ऐकायची मी तयारी केली होती.

ती म्हणाली, "मॅडम, मला वाटलं तुम्हाला आवडेल."